अकरा पायऱ्या

आमच्या घरात माळ्यावर जाणारा अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना आहे. दीड वर्ष आम्ही त्या जिन्यावरून खाली बघत नव्हतो. चढायचो, उतरायचो, पण नजर भिंतीला लावून.

इथे 'आम्ही' म्हणजे नवरा-बायको दोघं. त्यातल्या कुणी काय केलं, कुणाला काय झालं, हे वेगळं करून सांगणार नाही. एकाचं नाव घेतलं की मोहल्ला त्याच्याकडे त्याच नजरेने बघायला लागतो. आम्ही मामे-आते भावंडं, लहानपणापासून एकमेकांना अरे-तुरे करत आलेलो. अब्बा आमच्यापैकी एकाचे वडील, दुसऱ्याचे मामू. त्यांना मात्र घरात सगळेच अहो-जाहो करायचे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

21 जुलै 2021 ला बकरी ईद होती. कोरोनामुळे नमाज घरीच झाली. कुर्बानीचं गोश्त वाटून उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं आणि पावसाचा आवाज ऐकत झोपलो. पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. चिपळूणकरांचं माप म्हणजे 26 जुलै 2005. अब्बांनी त्या वेळची खूण भिंतीवर रंगाने ओढून ठेवली होती. सामान त्या रेघेच्या दोन फूट वर चढवलं आणि ते निर्धास्त झाले. उजाडल्यावर बघतो तर रेघ कुठे आहे तेच दिसेना. लाईट नाही, फोनला रेंज नाही. आम्ही दोघं, पाच वर्षांची मुलगी आणि अब्बा, सगळे माळ्यावर.

नऊच्या सुमाराला अब्बांना पत्र्याच्या पेटीची आठवण झाली. घराचे कागद आणि मरहूम अम्मींचा कुराणशरीफ त्यात होता. आम्ही नको म्हणेपर्यंत ते उतरलेसुद्धा. पेटी हाताला लागली, पण तेवढ्यात तरंगत आलेला फ्रिज फिरून जिन्याच्या तोंडाशी आडवा झाला. आमच्यापैकी एकाने सातव्या पायरीवरून त्यांचं मनगट धरलं. दुसरा वर, मुलीचं तोंड छातीशी दाबून. वरून हाक गेली. मग हात सुटला.

पाणी ओसरल्यावर अब्बा स्वयंपाकघराच्या दारामागे मिळाले. पेटी त्यांच्याजवळच होती.

लोकांनी आम्हाला एकटं पडू दिलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. चिखल उपसायला ओळखीचे-अनोळखी सगळे आले. बुडून जाणारा शहीद असतो, असं प्रत्येकाने सांगितलं. ते आम्ही मानतो. पण त्या दिलाशाने आमचं तोंडही बंद झालं. ज्याचे अब्बा शहीद झाले त्याने रडायचं कशाला? सब्र करा, सब्र करा. खरं तर याकूब अलैहिस्सलाम यूसुफसाठी इतके रडले की त्यांची नजर गेली, हे आम्ही स्वतः वर्गात सांगतो. त्यांच्या सब्राबद्दल कुणी शंका घेतलेली नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात. झोप गेली. शाळेत कुणी बाक ओढला तरी अंग ताठ व्हायचं. घरात नवा फ्रिज आणायचा धीर होईना. सगळ्यात वाईट गोष्ट वजूची. दिवसातून पाच वेळा नळ सोडायचा, आणि नळाचा आवाज आला की आमच्यापैकी एकाला मनगटाभोवती पकड जाणवायची. शेवटी तो लपून तयम्मुम करायला लागला. मौलानासाहेबांना विचारलं, तेव्हा त्यांनी ओरडण्याऐवजी आधी इलाज करा म्हणून सांगितलं. त्यापूर्वी एका खालाने तावीज आणून दिला होता. तोही बांधला. तिची माया त्यात होती.

या दुखण्याला आमच्याकडे शब्दांची कमी नाही. घरी कोकणीत आम्ही 'धसका' म्हणतो, शाळेत उर्दूत 'सदमा', मराठीत 'आघात'. बी.एड.ला नफ्सियातचा पेपर होता, त्यात गुणही बरे पडले होते. स्वतःला झालं तेव्हा त्यातलं काहीच आठवलं नाही. आणि इलाज म्हटलं की आमच्या भागात एकच नाव निघतं, रत्नागिरीचं मनोरुग्णालय. 'रत्नागिरीला न्या' ही तर शिवीच आहे. ते नव्वद किलोमीटर अंतर आमच्याने कापवलं नाही.

10 ऑक्टोबर 2022 ला सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. नंबर 14416, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते. 2023 च्या फेब्रुवारीत एका रात्री दोन वाजता आम्ही तो फिरवला. पलीकडच्या मुलीने मराठीत नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे एका फोनचं काम नाही, नियमित उपचार घ्या. ओळखीतून पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाई मिळाल्या. त्या व्हिडिओवर बोलत. आठवड्याला एक तास, नऊशे रुपये. त्यांचा नोंदणी क्रमांक आम्ही तपासून घेतला. आजकाल कुणीही बोर्ड लावून बसतं, म्हणून इतरांनीही तपासावा.

आम्हाला विश्वास नव्हता. कोरोनात दीड वर्ष आम्ही याच फोनवरून मुलांना शिकवलं आणि यातून काहीही पोचत नाही, हे मत घट्ट करून बसलो होतो. शिवाय बाई आपल्यातल्या नाहीत, काय समजतील? पहिल्या दिवशी त्यांनी घरचा पूर्ण पत्ता घेतला, दहा मिनिटांत येऊ शकेल अशा शेजाऱ्याचा नंबर घेतला, आणि ठरवलं की फोन तुटला तर त्याच परत लावतील, आम्ही फक्त थांबायचं. वजूचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मला करून दाखवाल?" मग लोट्यातल्या पाण्यापासून सुरुवात झाली. नळ पुढच्या महिन्यात.

हात छातीवर फुलीसारखे ठेवून दोन्ही खांद्यांखाली आळीपाळीने हलके थोपटायचं, हेही त्यांनी शिकवलं. हसू आलं होतं. मग त्यांनी सांगितलं की 1997 साली मेक्सिकोतल्या आकापुल्कोत चक्रीवादळ आलं, त्यातून वाचलेल्यांसाठी हा प्रकार निघाला. त्याला फुलपाखराची मिठी म्हणतात. कुठलं आकापुल्को! पण पाण्यातून वाचलेल्या माणसांचं आहे म्हटल्यावर आम्ही हसणं थांबवलं.

घरात रेंज आणि दार दोन्ही असलेली जागा एकच, माळा. आम्ही आळीपाळीने तिथेच बसायचो. एक बोलत असला की दुसरा मुलीला घेऊन बाहेर. चौथ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "फोन जरा फिरवून खोली दाखवता?" फोन फिरला, जिन्याचं तोंड दिसलं. त्या थोडा वेळ गप्प झाल्या. "हाच तो जिना?" चार आठवडे त्यांना फक्त चेहरा आणि मागची भिंत दिसत होती. आम्ही जिथे बसून त्या दिवसाबद्दल बोलत होतो ती तीच जागा आहे, हे आम्हीही सांगितलं नव्हतं. समोरासमोर बसलो असतो तर हा घोटाळा झालाच नसता. त्यांनी लगेच बसायची जागा बदलायला लावली. पुढचे तीन महिने शाळा सुटल्यावर चौथीच्या रिकाम्या वर्गात. शिपायाला सांगितलं, निकालपत्रकांचं काम आहे.

एकदा बाईंनी दोघांना एकत्र बसवलं. तोपर्यंत आमच्यात त्या हाकेबद्दल एक अक्षर निघालं नव्हतं. आमच्यापैकी एक म्हणाला, "वरून 'सोड' असं ऐकू आलं. माझा हात तेव्हाच ढिला झाला." दुसरा कितीतरी वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मी 'सोडा' म्हटलं होतं. अब्बांना. पेटी सोडा म्हणून."

एका कान्याचा फरक. तो पाण्याच्या आवाजात गेला की नाही, हे आता कोण सांगणार? एक जण दीड वर्ष समजत होता की त्याला हात सोडायला सांगितलं गेलं. दुसरा समजत होता की आपल्या हाकेने अब्बा दचकले. बाईंनी 'तुमचा दोष नाही' वगैरे म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, पाणी किती जोरात होतं, फ्रिज कुठल्या बाजूने लागला, अब्बांच्या दुसऱ्या हातात काय होतं. आम्ही एकेक सांगत गेलो. अब्बांच्या दुसऱ्या हातात पेटी होती. ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

ऑगस्टमध्ये बाई म्हणाल्या, आता जिना. पुण्याच्या दवाखान्यात असतो तर जिना फक्त आठवून सांगावा लागला असता. इथे तो पायाखाली होता आणि बाई हातात. एक पायरी उतरायची, थांबायचं, मनातली भीती दहापैकी किती ते सांगायचं, उतरली की पुढची. पहिल्या दिवशी तीन पायऱ्या झाल्या. सातव्या पायरीवर दोन आठवडे अडलो. तिथे मराठी सुटली. इतके दिवस सगळं बाईंना कळेल अशा भाषेत, वाक्यं नीट करून सांगितलं होतं. त्या पायरीवर एकदम कोकणी आली, घरची, अम्मीची. बाईंना अर्धं कळलं नसेल. त्यांनी मध्ये विचारलं नाही.

अकराव्या पायरीला दोघं एकत्र उतरलो. फरशीवर पाय टेकले आणि फोन तुटला. खाली रेंज नसतेच. ठरल्याप्रमाणे थांबलो. शेवटच्या पायरीवर शेजारी शेजारी बसून राहिलो. दारातून ऊन आलं होतं, मुलगी अंगणात कुणाशी तरी भांडत होती. दोन-तीन मिनिटांनी कसाबसा फोन लागला.

"आवाज येतोय का? कुठे आहात तुम्ही?"

"खाली," आम्ही म्हटलं.