थेंब कुठून पडतो?

ज्येष्ठ महिना लागला की आमच्या दिंडीत तयारीची लगबग सुरू होते. तंबू उन्हात पसरायचे, पातेल्यांना कल्हई करून आणायची, टाळांच्या दोऱ्या बदलायच्या. गाडीकडे बघण्याचे काम माझ्याकडे असते. दिंडीची एक जुनी डिझेल जीप आहे. सामानाचा ट्रक वेगळा. जीपमध्ये असतात औषधांची पेटी, पिण्याचे पाणी आणि वाटेत ज्यांचे पाय थकले अशा दोन-चार माउली.

यंदा प्रस्थानाला बारा दिवस उरले होते. सकाळी जीप बाहेर काढली, तर खाली तळहाताएवढा काळा डाग. तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल खालच्या खुणेला टेकले होते. वाकून पाहिले. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून थेंब ओघळत होता.

जीप माझा पुतण्या चालवतो. गेल्या वारीहून परतताना गाडीची खालची बाजू एका दगडाला घासली होती. ते माझ्या मनात होतेच. मी मंदिरासमोर, चारचौघांत त्याला बोललो, "दगडावर चेंबर आपटलास, त्याची ही फळं. दिंडीची गाडी आहे ही, तुझ्या घरची नाही." तो एवढेच म्हणाला, "आप्पा, चेंबरला साधा ओरखडा नाही. तुम्ही बघा तरी." मी बघितले नाही. तेल भरले, डाग पुसला आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तिथेच.

पुण्याहून सासवडकडे जाताना घाट चढावा लागतो. गाडी भरलेली, इंजिन तापलेले. त्यात तेल संपले तर इंजिन जागच्या जागी आवळून बसते. गळणारे तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडले तर धूर निघतो, प्रसंगी आगही लागते. आत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार मनात आला आणि झोप लागेना. आम्ही दोघे जीप घेऊन नारायणगावला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. वाटेत पुतण्या एक शब्द बोलला नाही.

मिस्त्रींना मी सांगून टाकले, "मागचं ऑइल सील गेलंय, नाहीतर चेंबर फुटलाय." ते सील बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मोठे काम, मोठा खर्च. मिस्त्री हसले. म्हणाले, "आप्पा, थेंब जिथं पडतो ते त्याचं शेवटचं ठिकाण. तो निघाला कुठून ते आधी बघू."

त्यांनी ब्रश आणि डिझेल घेऊन सगळे इंजिन वरपासून खालपर्यंत धुतले. कापडाने पुसले, हवा मारून कोरडे केले. मग अंगाला लावायच्या पावडरचा डबा आणला आणि मागच्या बाजूवर पांढरी पावडर भुरभुरली. पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवले, बंद केले आणि बॅटरी लावून आत पाहिले. खाली चेंबरवरची पावडर कोरडी होती. सीलच्या वरच्या भागात मात्र एक ओली रेघ. ती रेघ बोटाने दाखवत मिस्त्री वर वर गेले आणि इंजिनाच्या अगदी माथ्यावर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात थांबले. तेल तिथून निघून पाठीमागून उतरत होते आणि खाली थेंब होऊन पडत होते.

कव्हर उघडले. पॅकिंग वाळून कडक झालेले. कव्हरची कडा बोल्टांपाशी दबलेली, मधल्या भागात उचललेली. मिस्त्री म्हणाले, "कुणीतरी लांब पान्यानं जोर लावून आवळलंय. पातळ पत्रा तो. जास्त आवळला की वाकतो, आणि बोल्टांच्या मधे फट पडते."

ते "कुणीतरी" म्हणजे मीच. गेल्या वर्षी तिथे थोडा ओलावा दिसला, तेव्हा मीच ते बोल्ट आवळले होते. चांगले काम केले म्हणून चार जणांना सांगितलेही होते.

मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. कव्हरवरून निघणारी ब्रीदरची नळी त्यांनी काढली. आत काळा चिकट गाळ बसला होता. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली येतच असतो. तो या नळीने बाहेर पडतो. नळी तुंबली की आत दाब साठतो आणि तेलाला जिथे फट मिळेल तिथून बाहेर ढकलतो. नळी साफ केली नसती, तर नवे पॅकिंगही काही दिवसांत गळू लागले असते.

त्यांनी नळी धुतली, कव्हरची कडा सपाट लोखंडावर हलक्या हाताने ठोकून सरळ केली, नवे पॅकिंग बसवले आणि बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे करत आवळले. पुन्हा पावडर, पुन्हा पंधरा मिनिटे. पावडर पांढरीच राहिली. रात्री जीपखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी तोही कोरडा निघाला.

गाडी दुरुस्त झाली, पण दुसरे एक काम उरले होते. संध्याकाळी भजनाला सगळे जमले, तेव्हा ज्या चारचौघांत बोललो होतो त्यांच्यासमोरच सांगितले की चूक माझी होती. पुतण्याच्या पाया पडलो. आपल्यात लहानाच्या पाया पडायला लाज नसते, हे वर्षानुवर्षे म्हणत आलो. त्या दिवशी गुडघे वाकायला वेळ लागला. तोही पाया पडला आणि म्हणाला, "आप्पा, पाना मात्र आता माझ्याकडं द्या."

ज्यांच्या दिंडीत गाडी आहे त्यांना एवढेच सांगतो. रोज सकाळी निघण्याआधी, गाडी सपाट जागेवर असताना पट्टी पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे, वरच्या खुणेपलीकडे नको. तेलाचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करा. आणि डाग दिसला तर कुणाला बोल लावण्याआधी धुऊन, पुसून, वरपासून पाहा.

रामकृष्ण हरी.