ट्राम येणार म्हणून घर बदललेली सुई

एक सोपा प्रयोग करून बघा. टेबलावर होकायंत्र ठेवा. सुई उत्तर-दक्षिण स्थिर झाली, की कंपासपेटीतलं कर्कटक हळूच तिच्याजवळ न्या. सुई लगेच हलेल. आता मला सांगा, आपली पृथ्वी हे केवढं तरी मोठं चुंबक आहे आणि त्याचं बल दर तासाला किती बदलतं हे कुणाला मोजायचं असेल, तर त्याने काय करावं? खिळे, बिजागऱ्या, कर्कटकं, सगळं लोखंड लांब ठेवावं. आणि शेजारून विजेची ट्राम धावणार असेल तर? मग सुईनेच घर बदलावं!

हे खरंच घडलंय बरं का, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात.

मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा उभी राहिली. जहाजांना अचूक वेळ लागते, ती ताऱ्यांचे वेध घेऊन ठरवायची, हे तिचं पहिलं काम. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजमापं सुरू झाली. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर या वेधशाळेचा कारभार पाहत असत. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले केरूनाना छत्रे तर अगदी कोवळ्या वयात तिथे कामाला लागले. म्हणजे आठवी-नववीतल्या दादाएवढेच म्हणा ना! पुढे ते मोठे गणिती झाले, टिळकांना त्यांनी शिकवलं.

काम कसलं, तर टांगलेल्या चुंबकाकडे पाहायचं, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. तासाभराने पुन्हा तेच. रात्रीसुद्धा. कंटाळा येत नसेल का? मला तर वाटतं, खूप येत असेल.

मग उजाडला १८५९ चा सप्टेंबर. एक तारखेला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीने सूर्यावरचे डाग काढत बसले होते, तेव्हा त्यांना डागांजवळ अचानक लख्ख प्रकाश दिसला. सूर्यावर स्फोट झाला होता. साधारण साडेसतरा तासांनी त्या स्फोटाचा तडाखा पृथ्वीला बसला. अमेरिकेत तर तारायंत्रांच्या बॅटऱ्या काढून टाकल्या तरी संदेश जात राहिले, इतकी वीज तारांमध्ये आपोआप येत होती! मुंबईत तेव्हा दिवस होता. आकाशात काहीच वेगळं दिसत नव्हतं. पण कुलाब्याच्या खोलीत आकडे घसरत चालले होते. पृथ्वीचं तिथलं आडवं चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी कमी झालं. ऐकायला थोडं वाटतं, पण एवढी मोठी घसरण क्वचितच नोंदली गेली आहे. वहीत ती लिहिणाऱ्यांनी नेहमीसारखे आकडे लिहिले, एवढंच.

आता ट्राम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह वाहिला की भोवती चुंबकत्व तयार होतं. मग सुईला पृथ्वी कुठली आणि ट्राम कुठली, कसं कळणार? वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी जागा शोधली ती अलिबागची, कुलाब्यापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर. (अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्याचं नावही कुलाबाच. माझी मुलं दर वर्षी इथे गोंधळतात.) लोखंड टाळून, पोरबंदरच्या दगडाची इमारत बांधली. विजेची ट्राम आली १९०७ साली, पण अलिबागची मोजमापं १९०४ लाच सुरू झाली होती.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६, दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते कळलं, आणि जुनी वही नव्या वहीला नीट जोडली गेली. पुढे हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आलं. अलिबागला नोंदी आजही चालू आहेत. आणि १८५९ चे आकडे? संस्थेतल्या लखीना आणि अलेक्स या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ते पुन्हा अभ्यासले आणि २००३ साली जगापुढे मांडले. उपग्रह आणि वीजकेंद्रं अशा वादळात टिकतील का, याचा विचार करताना आज त्यांचा आधार घेतात. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचे आकडे!

हे सगळं मी वर्गात सांगितलं, त्याला कारण आमची सावलीची वही. शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी रोवली आहे. दुपारी तिची सगळ्यात आखूड सावली मोजायची. आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये ती बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास पडते. "बाई, याला मार्क किती?" असं एका पालकांनी विचारलं. शून्य, मी म्हटलं.

वही सांभाळायची तिसरीतली एक मुलगी. एकही दिवस चुकली नाही. पण दिवाळीनंतर तिचे आईवडील वीटभट्टीवर जायचे, घर बंद करून, तिला आणि धाकट्या भावाला घेऊन. तिला इथेच ठेवा, आपण काहीतरी सोय करू, असं मी दोनदा सांगून पाहिलं. "भावाला कोण बघणार बाई?" आई म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा मुलांनीच ठरवलं, मूससाहेबांसारखं करायचं. वही नव्याने घेणारा मुलगा आणि ती, दोघांनी आठवडाभर वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना न दाखवता. पहिल्याच दिवशी एका सेंटिमीटरचा फरक! भांडण झालं. मग दोघं गुडघ्यावर बसून बघायला लागली. सावलीचं टोक पुसट असतं ना! ती गडद काळ्यापर्यंत मोजायची, तो फिकट करड्यापर्यंत. वहीत तसं लिहून ठेवलं. पुढचे आकडे जुळले आणि सोमवारी ती गेली.

जूनमध्ये परत आली, तेव्हा तिच्या पिशवीत दुमडलेली एक पातळ वही होती. भट्टीवर एक काठी रोवून तिने एकेचाळीस दिवस सावली मोजली होती, गडद काळ्यापर्यंत. फक्त ती काठी किती लांब होती, हे मोजायचं राहिलं. काठी तर कधीच चुलीत गेली!

पण भट्टी आपल्याच जिल्ह्यातली. त्याच दिवसांची आमच्या काठीची सावली आमच्या वहीत आहे. सध्या आमची चौथी दोन्ही वह्या पुढ्यात घेऊन त्या जळलेल्या काठीची लांबी शोधते आहे. मी अजून काही सांगितलेलं नाही.