कथा एका लेडीज सायकलची

होस्टेलच्या सायकल स्टँडमध्ये कोपऱ्यात उभी असलेली काळी लेडीज सायकल तुम्ही पाहिली असेलच. तिच्यावरून मला जेवढं चिडवलं गेलंय, तेवढं केटी लागली तेव्हाही कुणी चिडवलं नव्हतं. "काय रे, वहिनींची का?" हा त्यातला सगळ्यात सभ्य प्रश्न! मेसच्या मावशींनी तर एकदा काळजीने विचारलं, "बाळा, घरचे गाडी घेऊन देत नाहीत का तुला?" तेव्हा सगळ्यांना एकदाच काय ते उत्तर द्यावं म्हणून हा लेखनप्रपंच. सायकल माझ्या आजीची आहे. आणि ती दुरुस्त करताना माझ्या हातून एक चूक झाली आहे, तीही इथेच कबूल करून टाकतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला आमचा पेठेतला वाडा रिकामा करायचं काम निघालं. जिन्याखालची अडगळ काढता काढता सगळ्यात शेवटी ही सायकल निघाली. टायर फाटलेले, चेन गंजून काठीसारखी ताठ झालेली, कॅरिअरला बांधलेली सुतळीसुद्धा तशीच. भंगारवाल्याने हाताने उचलून अंदाज घेतला आणि किलोचा भाव सांगितला. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असल्यामुळे मला त्या क्षणी काहीतरी बोलणं भागच होतं. म्हटलं, "ही मी नीट करणार." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पहिल्या नंबराने पास होणार असं म्हणालो होतो.

आजी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. आजोबांनी १९६६ साली कॅम्पातल्या एका पारशी बाईंकडून ही सायकल सेकंडहँड घेतली. आजीने ती जवळजवळ वीस वर्षं चालवली, तीही साडी नेसून, खांद्याला वह्यांची पिशवी अडकवून. पुढे घरात लूना आली आणि सायकल जिन्याखाली गेली. घराण्याला ज्ञात असलेला इतिहास एवढाच. बाकीचा सायकलनेच सांगितला.

फ्रेमवरची अक्षरं पुसून गेली होती. पण पेडलजवळच्या दात्यांच्या चाकाच्या पोकळीत तीन पक्ष्यांच्या माना कोरलेल्या दिसल्या. रॅलेच्या सायकलींवर असणारे हे बगळे. ही कंपनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. मागच्या चाकाचा हब रॉकेलने पुसल्यावर त्यावर 'एडब्ल्यू' ही अक्षरं आणि ५१ हा आकडा निघाला. स्टर्मी-आर्चर कंपनी हबवर तो बनवल्याचं वर्ष ठोकत असे. म्हणजे हब १९५१ चा. आजीच्या हातात यायच्या आधी ही सायकल कुणीतरी पंधरा वर्षं चालवली होती तर!

मित्राच्या मामांच्या टेम्पोतून, कांद्याच्या पोत्यांवर आडवी टाकून, ती होस्टेलला आणली. वर्कशॉपच्या मामांना दाखवली. त्यांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि एकच वाक्य बोलले, "घाई करायची नाही. घाई केलीस तर मी नाही." ते मला तेव्हा नीट कळलं असतं तर बरं झालं असतं.

सुरुवात कॉटर पिनांपासून झाली. हल्लीच्या सायकलींना हा प्रकार बहुतेक नसतो. क्रँक आणि अॅक्सल यांना धरून ठेवणारी ही पाचरीसारखी पिन एवढी गच्च बसली होती की मी हातोडी उचलली. मामांनी ती काढून घेतली. खाली भक्कम आधार दिल्याशिवाय ठोकलं तर तो मार पिनला लागत नाही, आतल्या छर्ऱ्यांना आणि कपाला लागतो. तेल सोडून तीन दिवस वाट पाहिली, लोखंडी पाइपचा तुकडा खाली आधाराला धरला आणि एकाच नेमक्या ठोक्यात पिन बाहेर! स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सच्या पूर्ण सेमिस्टरमध्ये 'लोड पाथ' हा शब्द मला इतका स्पष्ट कळला नव्हता.

मग उघडला हब. आतलं तेल वाळून काकवीसारखं झालं होतं. रॉकेलमध्ये धुतल्यावर जे दिसलं, ते पाहून मी रूममेटला झोपेतून उठवलं. थिअरी ऑफ मशीन्समध्ये ज्या एपिसायक्लिक गिअरने माझा घात केला होता, तोच माझ्या तळहातावर होता. मधे २० दात्यांचा सन गिअर, त्याच्याभोवती २० दात्यांचे चार प्लॅनेट आणि बाहेर ६० दात्यांची रिंग. रिंगला जोर दिला आणि प्लॅनेटच्या पिंजऱ्याकडून घेतला, की ६० भागिले ८०, म्हणजे पाऊण. हा चढाचा गिअर. उलट केलं की ८० भागिले ६०, म्हणजे सव्वापेक्षा थोडा जास्त, १.३३. हा पळवायचा गिअर. मधला सरळ एकास एक. १९३६ पासून बनत आलेला हा हब. सन गिअर मात्र जागचा हलतच नाही, तो अॅक्सलवर पक्का. परीक्षेत हेच लिहायचं होतं हो! पण तेव्हा तो कागदावर होता.

काही गोष्टी अगदी सहज मिळाल्या. २८ इंची, दीड इंच रुंदीचे टायर आपल्याकडच्या दुधवाल्याच्या साध्या काळ्या सायकलीला लागतात, तेच हिला बसले. दांड्यांनी चालणाऱ्या ब्रेकचे रबरही नाक्यावरच्या दुकानात मिळाले. पुढे ३२ आणि मागे ४० तारा हा जुना इंग्रजी हिशोब आपल्या काळ्या सायकलींनी अजून सोडलेला नाही. इंग्लंडातली जुनी सायकल जिवंत करायला लागणारं सामान आपल्या गल्लीत नवंकोरं मिळतं, याची गंमत वाटली. चाकांचा आउट काढायला मात्र तीन रात्री गेल्या. ७२ तारांपैकी एक घट्ट केली की दुसरी रुसते.

अडलं ते हँडलखालच्या कपापाशी. जुन्या कपात छर्ऱ्यांचे खड्डे पडले होते. नव्या सायकलीचा एक इंची हेडसेट आणला. दोन फेरे छान फिरला आणि अडकला. मी जोर लावणार तेवढ्यात मामांचा आवाज आला, "आटे मोज आधी." पिच गेज लावला. नव्या कपाला इंचाला २४ आटे, फोर्कला २६. रॅलेने बाकीच्यांपेक्षा वेगळे, स्वतःचे २६ आटे ठेवले होते. जोर लावला असता तर दोन्ही आटे चिरडले असते. मग पुण्याला गेलो असताना एका रविवारी जुन्या बाजारात दुपारपर्यंत फिरलो आणि एका ढिगाऱ्यातून वाकडा फोर्क शोधून काढला. फोर्क निरुपयोगी, पण त्याचा कप शाबूत होता. दोनशे रुपये गेले. आटे मात्र २६!

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. पण 'ओरिजिनल' या शब्दाने माझ्या डोक्यात घर केलं होतं. कर्वेनगरच्या सायकल म्युझियममध्ये जाऊन जुन्या सायकलींचे फोटो काढून आणले होते. माझी सायकल १९५१ साली कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. जे जे १९५१ चं नाही ते ते काढायचं. हँडलमागे एक गंजलेली छोटी लोखंडी सीट होती, ती भंगारात दिली. पुढच्या खालच्या नळीवर दोन बाजूंना बोटभर लांबीच्या दोन खुंट्या पितळेच्या झाळीने चिकटवलेल्या होत्या. वेड्यावाकड्या, एक थोडी वर, एक खाली. कुठल्याच फोटोत तसलं काही नव्हतं. मामा त्या दिवशी रजेवर होते. मी ग्राइंडर लावला आणि दहा मिनिटांत दोन्ही खुंट्या साफ. वरून काळा रंग मारला. फार छान काम झालं असं मला वाटलं.

गुढीपाडव्याला सायकल पुण्याला नेली. आजी आता त्र्याऐंशी वर्षांची आहे, काठी घेऊन चालते. भाड्याच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये ती लिफ्टने खाली आली. हँडल धरलं, घंटी वाजवली, सीटवर हात फिरवला. मी तिला तिन्ही गिअर समजावून सांगितले. "अरे, वीस वर्षं मीच बदलत होते ते," ती म्हणाली. मग वाकून त्या नळीवरून हात फिरवायला लागली, एकदा, परत एकदा.

"इथल्या खुंट्या कुठंयत रे?"

मी म्हटलं, "आजी, त्या ओरिजिनल नव्हत्या. नंतर कुणीतरी लावल्या होत्या."

"कुणीतरी नाही, मी लावून घेतल्या होत्या," आजी म्हणाली. "तुझ्या बाबाचा पाय गेला होता पुढच्या चाकात. तीन वर्षांचा होता. त्याला पुढे बसवून बालवाडीत सोडायचे आणि तशीच शाळेला जायचे. पाच टाके पडले. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेले, म्हटलं याला पाय ठेवायला काहीतरी कर."

बाबांच्या उजव्या घोट्यावर एक वण आहे. मी तो लहानपणापासून पाहतोय. तो कसा झाला हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

आजी रागावली नाही. तिने रागवायला हवं होतं असं मला अजून वाटतं. "असू दे, आता कोण बसणारे तिथं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, सायकल तुझ्याजवळच राहू दे. तर म्हणते, "इथे ठेवून काय लोणचं घालायचंय तिचं? घेऊन जा, वापर."

परत आल्यावर मी खूप विचार केला. लेडीज सायकलला वरची दांडी नसते. त्यामुळे फ्रेमचा त्रिकोण जातो आणि ती पिळवटू नये म्हणून तिला जास्त जड करावं लागतं. हा तोटा नॉटिंगहॅमच्या डिझायनरने जाणूनबुजून पत्करला, कारण झगा घातलेल्या बाईला चढता आलं पाहिजे. त्याने चालवणारीचा विचार केला होता. पण पुढे पोर आणि खांद्याला वह्या घेतलेली पुण्याची शिक्षिका त्याच्यासमोर नव्हती. ते डिझाइन आजीने पुरं केलं. आपण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा तक्ता काढतो ना, तशी ती या सायकलीची १९७३ ची रिव्हिजन होती. मी ती 'ओरिजिनल'च्या नावाखाली खोडून टाकली. त्या काळातले पार्ट हवेत म्हणून गावभर फिरलो, पण कुठला काळ, हे ठरवायच्या आधी जिने सायकल चालवली तिला विचारलं नाही. एक फोन पुरला असता.

मामांना सगळं सांगितलं. म्हटलं, नव्या खुंट्या झाळून द्या. त्यांनी ग्राइंडिंगच्या जागेवर नख फिरवलं. "इथे नळी पातळ केलीयस तू. पुन्हा तापवायची नाही." मग त्यांच्याच सल्ल्याने लेथवर दोन खुंट्या केल्या, पट्टी वाकवून क्लॅम्प बनवला, खाली जुन्या ट्यूबचा रबर दिला आणि बोल्टने कसल्या. नळीला न जाळता, न घासता. उद्या कुणाला काढाव्याशा वाटल्या तर पान्याने निघतील. मी मारलेला काळा रंगही तिथून खरवडून काढला आणि जागा नुसती तेलाने पुसून ठेवली. ग्राइंडरचे ओरखडे दिसतात. दिसू देत.

मे महिन्यात बाबा मला न्यायला होस्टेलवर आले होते. सायकल स्टँडमध्ये त्यांना नेलं आणि खुंट्या दाखवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली बसले, बोटांनी अंतर मोजलं आणि म्हणाले, "डावी थोडी वर पाहिजे. डावा पाय पोचायचा नाही माझा."

बोल्ट सैल करून अर्धा इंच वर घेतली.

तर मंडळी, सायकल तिथेच असते. कुणाला रात्री चहाला जायला हवी असेल तर बिनधास्त मागा, मुलींनी, मुलांनी, मेसच्या मावशींनीसुद्धा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक फसवी जागा आहे, तिथे पेडल एकदम मोकळं फिरतं, तेवढं सांभाळा. आणि डावी खुंटी वर का आहे असं वाटून कुणी सरळ करायला जाऊ नका. ती तिथेच बरोबर आहे.