पायाशी नव्हे, बाजूला!

कलेतील प्रेम म्हटले की आपल्यापुढे राधा-कृष्ण नाहीतर ताजमहाल ठेवला जातो. बौद्ध कला म्हणजे नुसते वैराग्य, तिथे प्रेमाचे काय काम, असेही सुनावले जाते. मित्रांनो, हे खरे आहे का?

आम्ही नंदाखालचे. नालासोपाऱ्याचा स्तूप आमच्यापासून जवळच. लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केले. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे! सोबत सोन्याची फुले आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती. त्यांतली एक मैत्रेयाची. ज्याचे नावच मैत्रीवरून आले, तो मैत्रेय. सोन्याने माती जपावी, ही आपल्या पूर्वजांची सौंदर्यदृष्टी.

याच सोपाऱ्याच्या एका धम्म-भाणकाने कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब दान दिला, असा तिथे शिलालेख आहे. आपल्या भागातले आगरी-कोळी बांधव एकवीरेला जातात, तेव्हा ते या लेण्याच्या दारातच उभे असतात. त्या दर्शनी भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्त्री-पुरुषांच्या देखण्या जोड्या कोरल्या आहेत. अशी एक जोडी भदसम नावाच्या भिक्खूने दान दिल्याचे तिथलाच लेख सांगतो. ज्याने स्वतः संसार सोडला, त्याला दुसऱ्याच्या प्रेमाची अडचण वाटली नाही! आणि ही स्त्री पुरुषाचे पाय चेपत बसलेली नाही. ती त्याच्या बाजूला उभी आहे. शेषशायी विष्णूच्या पायाशी बसवलेली लक्ष्मी आठवा, म्हणजे दोन संस्कृतींमधला फरक कळेल.

पण प्रश्न आपल्यालाही आहे. पंचशीलाचा झेंडा लावलेल्या आपल्या घरांत स्थळ बघताना मुलगी गोरी हवी, पोटजात तीच हवी, हे आजही ऐकू येते. जात मोडायची तर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवले. नुसते प्रेम पुरेसे नाही, मैत्री हवी, हा बुद्धांचा विचारही त्यांनीच आपल्यापुढे मांडला.

म्हणून जातीबाहेर प्रेम करणारी जोडपी आपल्या वस्तीत आली, तर त्यांच्या बाजूला उभे राहणे हे आपले काम आहे. लेणी वाचवा म्हणताना लेण्यांनी सांगितलेले प्रेमही वाचवू या.

जय भीम! नमो बुद्धाय!