पाहुण्यांची मुंबई

मुंबईत बिऱ्हाड असलेल्या गृहस्थास दोन नोकऱ्या असतात. एक पोटासाठी पत्करलेली आणि दुसरी पाहुण्यांस मुंबई दाखविण्याची. पहिलीतून यथाकाल निवृत्त होता येते. दुसरीस निवृत्तीचे वय नाही, आणि रजेची तर गोष्टच बोलावयास नको, कारण आमच्या महाविद्यालयास सुट्टी लागली की हीच नोकरी दुप्पट वेळेची होते. पंचवीस वर्षे ती इमानाने केल्यावर तीविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस प्राप्त झाला आहे, असे आम्ही समजतो.

पूर्वीचे पाहुणे काय पहावयाचे ते यजमानास विचारीत. आताचे पाहुणे खिशातील फोनमध्ये यादी घेऊनच दादरला उतरतात. यादीबद्दल आमचे भांडण नाही. तीत बहुधा योग्य तीच स्थळे असतात. मात्र ती स्थळांची नावे सांगते, क्रम सांगत नाही, आणि मुंबईत क्रमास फार महत्त्व आहे. घारापुरीचेच घ्या. यादीवाला पाहुणा पहिल्याच सकाळी गेटवेहून लाँचीत बसतो, लेणी पाहतो, माकडांच्या तावडीतून खाऊची पिशवी सोडवितो आणि संध्याकाळी परत येतो. आम्ही आमच्या पाहुण्यांस आधी राणीच्या बागेत नेतो. तेथे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात एक दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते पुढे जुळविण्यात आले. ज्याने हा सांधलेला हत्ती पाहिला, तो दुसऱ्या दिवशी बेटावर पाय ठेवताना निराळ्या डोळ्यांनी पाहतो. आणि गुहेत शिरल्यावर लगेच फोटोची घाई करू नये. उन्हातून आलेल्या डोळ्यांस काळोखाची सवय होण्यास काही मिनिटे लागतात. मग सहाव्या शतकातील ती त्रिमुखी शिवमूर्ती, जवळजवळ सहा मीटर उंचीची, हळूहळू भिंतीतून पुढे येऊ लागते. तिच्यासमोर पाव तास बसावे. (सोमवारी मात्र जाऊ नये, लेणी बंद असतात. हे आम्ही प्रत्येक पाहुण्यास सांगतो आणि प्रत्येक पाहुण्यास सोमवारच सोयीचा असतो.)

बोरीबंदराच्या स्टेशनाविषयी थोडक्यात एवढेच, की तेथे मान वर करून उभे रहावे, गर्दीचे धक्के खावे लागले तरी हरकत नाही. १८७८ साली सुरू होऊन दहा वर्षांत पुरी झालेली ही इमारत स्टीव्हन्स या इंग्रजाच्या नावावर आहे. परंतु तिच्यावरील पुष्कळसे कोरीव काम जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे, हे पाहुण्यांस सांगितले की त्यांची मान आपोआप आणखी थोडी वर जाते. बाणगंगा संध्याकाळी पहावी. मरीन ड्राइव्ह पाहण्यासाठी पाहुण्यांस आमची गरज नाही.

राहिले गेटवे. या कमानीकडे आम्ही बरीच वर्षे थट्टेनेच पाहत आलो. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली येथे उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागतास पुठ्ठ्याची कमान होती. दगडी कमान उभी राहून तिचे उद्घाटन होण्यास १९२४ साल उजाडले. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून निघून गेली. म्हणजे ज्याच्यासाठी दार बांधले तो दार होण्यापूर्वीच येऊन गेला, आणि दार झाल्यावर त्याचे लोक त्यातून परत गेले! ही हकीकत आम्ही रंगवून सांगत असू, आणि पाहुणे हसत असत.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरच्या मंडळींच्या मावशी आल्या. अलिबाग तालुक्यातील एका खेड्यात त्यांचे सारे आयुष्य गेले; वय वर्षे ब्याऐंशी. त्यांच्यापुढे आम्ही नेहमीचा कार्यक्रम मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे सगळं तुम्ही सांगाल तसं. पण मला आधी भाऊचा धक्का दाखवा."

मासळीच्या लिलावाखेरीज तेथे पाहण्यासारखे काय, असे आम्ही म्हणणार, तोच घरच्या मंडळींनी डोळ्यांनी आम्हांस थांबविले. मग कळले. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. त्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात सापडून रेवसच्या अलीकडे काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मावशींचे वडील होते. गिरणीतून सुट्टी काढून सणासाठी घरी निघाले होते. मावशी तेव्हा चार वर्षांच्या. त्यांच्या आईने पुढे मुलांस पाण्यातून कधी जाऊ दिले नाही. रेवसहून मुंबई समोर दिसते, तरी या बाईंनी जन्मभर पेण-पनवेलचा वळसा घालून एस.टी.ने मुंबईस यावे-जावे, हा नेम.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे धक्क्यावर गेलो. लिलाव आटोपत आला होता. बर्फाचे तुकडे, पाट्या, कोळणींची गडबड आणि पायाखाली चिकचिक. मावशींनी लुगड्याचा ओचा आवरून घेतला आणि थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एक लाँच माणसे भरीत होती. त्यांनी तिच्यावरील पोऱ्यास विचारले, "बाळा, रेवसला किती वेळ लागतो?"

"सव्वा तास, आजी."

"एवढाच?" असे त्या म्हणाल्या, त्यालाही नव्हे आणि आम्हांलाही नव्हे.

परतताना गेटवे वाटेत नव्हते, तरी आम्ही टॅक्सी तिकडून घेतली. रामदासची बातमी मुंबईस प्रथम कळली ती या कमानीपाशी वाहत येऊन लागलेल्या एका मुलाकडून, असे सांगतात. ते मावशींस ठाऊक होते. लहानपणी त्यांनी घरी ऐकले होते. त्या उतरल्या नाहीत. काचेतून त्यांनी कमानीकडे एकदा पाहिले आणि "मोठी आहे," एवढेच म्हणाल्या. बादशहाची हकीकत आम्ही त्या दिवशी सांगितली नाही.

चार दिवसांनी त्यांस परत जावयाचे होते. मुलाने पनवेलमार्गे गाडीची जागा राखून ठेवली होती. ती त्यांनी रद्द करावयास लावली. घरच्या मंडळींनी विरोध केला, मुलाने फोनवर केला, आणि आम्हीही वयाची सबब पुढे केली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीच्या लाँचीस झालेला अपघात कोणाच्याही मनातून गेलेला नव्हता. शेवटी आम्ही सोबत जाण्याचे ठरले. लाँचीत त्यांनी नारिंगी जाकीट मुकाट्याने घालून घेतले, नातवाच्या वयाच्या पोऱ्याकडून त्याचे बंद आवळून घेतले, आणि कडेच्या बाकावर बसल्या. समुद्र शांत होता. अर्ध्याहून अधिक वाट गेल्यावर त्यांनी विचारले, "काशाचा खडक कुठला?" पोऱ्याने हात केला. मावशींनी पिशवीतून नारळ काढला, कपाळास लावला आणि पाण्यात सोडला. मग रेवस येईपर्यंत त्या आमच्या घरच्या मंडळींस वालाच्या बिरड्याची कृती सांगत होत्या.