रद्दीतला वेताळ

जुन्या पुस्तकांचे वेड असणाऱ्याने रद्दीच्या दुकानात सौभाग्यवतींना बरोबर नेऊ नये, हा माझा अनुभव आहे. कर्जतला खोपोलीच्या गाडीला अवकाश असला, की माझे पाय आपोआप बाजाराकडे वळतात.

शोध असतो 'इंद्रजाल कॉमिक्स'चा! टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली ही मालिका काढली आणि ली फॉकचा वेताळ पुढे मराठीतही बोलू लागला. १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आला. १९९० साली मालिका बंद पडली. घरोघरचे अंक मात्र दिवाळीच्या साफसफाईत आधीच तराजूवर चढले होते. म्हणूनच आज संग्राहक एकेका अंकाला शेकड्यांनी रुपये मोजतात.

मागच्या पावसाळ्यात असाच एक अंक मिळाला. पहिल्या पानावरचे नाव वाळवीने खाल्लेले. खाली बाळबोध अक्षरांत एवढेच उरलेले: 'वाचून झाल्यावर परत द्यावे.'

एका स्नेह्यांनी चांगली किंमत देऊ केली. सौ. म्हणाली, "देऊन टाका. तेवढीच कपाटात जागा होईल."

पण परत द्यायची वस्तू विकायची कशी? आणि परत तरी द्यायची कुणाला?

तूर्त तो अंक शेजारची मुले नेतात. आणि आश्चर्य म्हणजे, परत आणून देतात!