आंबवणाचा दुसरा अंमल

घरच्या आंबवणाचा पाव पहिल्यांदाच करू पाहणारी मंडळी माझ्यासारख्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकाकडे जी विचारणा करतात, ती बहुधा एकाच स्वरूपाची असते: गव्हाचे पीठ व पाणी समभाग कालवून बरणीत ठेवले, दुसऱ्याच दिवशी ते दुपटीने फुगून आले, आणि नंतर मात्र ते असे निपचित पडले की मेले समजून टाकून दिले. हे टाकून देणे मला फार लागते. कारण ज्या घटकेस ते टाकले जाते, त्याच घटकेस त्यात पावास योग्य अशा जीवसृष्टीचा उदय होत असतो.

पहिली फूग यीस्टची नव्हेच. पिठाबरोबर आलेल्या नानाविध जीवाणूंपैकी ल्युकोनोस्टॉकसारखे वायू सोडणारे जीवाणू प्रथम अंमल बसवतात, आणि इडलीचे पीठ रात्रीत फुलवण्यात मुख्य वाटा ह्याच कुळाचा असतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरास हा पहिला अंमल पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे; तो ऐन भरात असतानाच आपण पीठ वाफेवर चढवतो, आणि पुढे काय घडते हे पाहण्याचा प्रसंगच सहसा येत नाही. पुढे घडते ते असे, की ह्या जीवाणूंनीच निर्माण केलेले आम्ल त्यांना असह्य होते, सामू 4 च्या आसपास उतरतो, आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलाय बळावतात, आणि दाण्याबरोबर अल्प संख्येने आलेले रानटी यीस्ट ह्या स्थित्यंतरानंतर जोमाने वाढू लागते. मधले काही दिवस बरणी शांत असते ती यामुळे. क्लाइन व सुगिहारा यांनी 1971 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध आंबट पावाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तर असे आढळले की तेथील यीस्ट पिठातील माल्टोज शर्करेस स्पर्शच करीत नाही आणि जीवाणूस नेमकी तीच हवी असते. अन्नावरून तंटा नसल्यामुळे हे सहजीवन वर्षानुवर्षे अबाधित राहू शकते. सूक्ष्मसृष्टीतील इतकी सुंदर व्यवस्था मी क्वचितच पाहिली आहे. गोव्यातील जुन्या पोदेरांना, म्हणजे पाव भाजणाऱ्यांना, मधल्या शांत दिवसांची ही प्रतीक्षा करावी लागत नसे, कारण ते कणीक माडीने आंबवीत, आणि माडीत यीस्ट आधीच सिद्ध असते.

खर्डीस आमच्या घरी मी पहिला पाव भाजला, तेव्हा ह्या पुस्तकी ज्ञानाची रुजुवात झाली. हा मुलूख गव्हाचा नव्हे; माहुलीपासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत भाताची खाचरे, आणि ताटात तांदळाची भाकरी. गहू दुकानातून आणावा लागतो. त्यात लोकवन बरा. खपली चवीला श्रेष्ठ असली तरी तिची कणीक वायू धरून ठेवण्यास दुबळी पडते. गिरणीच्या दळणात स्टार्चचे कण अधिक भंगतात, त्यामुळे ही कणीक पाणी जास्त पिते आणि आंबतेही झपाट्याने. वैशाखात पारा पस्तिशीपलीकडे गेला की जीवाणूंची सरशी होऊन पाव आंबट व चपटा होतो. म्हणून येथे पहिला प्रयोग श्रावणात करावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

रोज निम्मे आंबवण फेकून ताजे पीठ घालावे, अशी जी शिफारस केली जाते, ती मला मान्य नाही. तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणे ज्या आमच्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी पीठ आणि पाणी ओतून देणे शोभत नाही. आंबवण दोन चमचेच राखावे, आणि ते नीट रुळल्यावर जे उरेल ते घावनाच्या पिठात मिसळावे.

प्रमाण सोपे आहे: 500 ग्रॅम कणीक, 350 ग्रॅम पाणी (गिरणीची असल्यास थोडे अधिक), 100 ग्रॅम फुललेले आंबवण, 10 ग्रॅम मीठ. हे मळून फुगू द्यावे, आणि मग बिडाच्या तापलेल्या भांड्यात, झाकण लावून, 230 अंशांवर वीस मिनिटे भाजावे, नंतर झाकण काढून जवळपास तितकीच. झाकणाने कोंडलेली वाफ वरचा पापुद्रा मऊ ठेवते, म्हणून पाव मनसोक्त फुगतो. कापण्यापूर्वी तो पूर्ण निवू द्यावा, कारण आतील स्टार्चची घडण निवतानाच बसते. आम्लामुळे येथील दमट हवेतही त्यास बुरशी उशिरा धरते, आणि दुसऱ्या दिवशी सुकटीच्या चटणीबरोबर तो पहिल्या दिवसापेक्षाही चांगला लागतो.